गांजेकस पोराचे लग्न लावू नका



पोरगा गांजा ओढतो हे कळले की पहिले काही महिने ते लपविण्यात जातात. मग बाप एकदा हात उगारतो, आई नवस बोलते, आणि शेवटी भावकी बसून निकाल देते, 'दोनाचे चार हात करून टाका, जबाबदारी पडली की सुधारेल.' मुलीच्या बापाला मात्र कोणी काही सांगत नाही. आपल्या पोराचे औषध म्हणून दुसऱ्याची लेक वापरायची, आणि याला पाप म्हणायचे नाही, हे नवलच आहे.

'गांजाची सवय लागत नाही, साधू-बैरागी ओढतातच की,' असे पारावर अजून बोलले जाते. ओढणारा प्रत्येक जण व्यसनी होत नाही, हे खरे. साधारण दहांत एक होतो. मिसरूड फुटण्याआधी चिलीम हाती आली तर धोका वाढतो. पण ज्याला सवय जडली त्याची सुटका नुसत्या शपथेने होत नाही. सोडल्यावर एक-दोन दिवसांत चिडचिड सुरू होते, झोप उडते, अन्न जात नाही, घाम फुटतो, भलतीसलती स्वप्ने पडतात. पहिला आठवडा सर्वांत वाईट. दोन-तीन आठवड्यांत हे ओसरते. नेमके हेच दिवस घरच्यांना समजत नाहीत. पोरगा ताटावरून उठून बापाच्या अंगावर धावला की 'हा सुधारायचा नाही' असे ठरते, आणि तो त्याच रात्री पुन्हा चिलमीकडे जातो. माळ घालून सुटलेली माणसे आहेत, माळेची थट्टा आम्ही करणार नाही. पण माळकऱ्यालाही या तीन आठवड्यांत सोबत लागते.

गांजा सोडविणारी खात्रीची गोळी अजून निघालेली नाही. त्या नावाने बाजारात पुड्या विकणाऱ्याला पैसे देऊ नका. डॉक्टर झोपेपुरते औषध देतील. खरा उपचार बोलण्याचा आहे. ओढावेसे कधी वाटते, कोणासोबत, कोठे, हे रुग्णाकडून काढून घेऊन ती वाट बदलायची. रात्रपाळीच्या विजेवर मोटार चालू करायला एकटा गेलेला पोरगा विहिरीवर चिलीम पेटवीत असेल, तर काही महिने रात्रीचे पाणी दुसऱ्याने धरावे. १९८६ साली डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या पुण्याच्या मुक्तांगणात घरच्यांनाही उपचारात सामील करून घेतात, ते उगीच नव्हे. कानात आवाज येऊ लागले, घरचेच विष घालतील असा संशय येऊ लागला, तर मात्र देवऋषी न शोधता त्याच दिवशी जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे न्या.

'दवाखान्यात नाव लागले तर पोलीस येतील' ही भीती अनेकांना अडवते. गांजा ओढणे हा १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याने गुन्हा आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण त्याच कायद्याचे कलम ६४-अ सांगते की, जो व्यसनी स्वतःहून सरकारी वा सरकारमान्य ठिकाणी उपचार घेतो, त्याच्यावर सेवनाचा किंवा अल्प प्रमाण बाळगल्याचा खटला चालविता येत नाही. उपचार अर्धवट टाकला तर हे संरक्षण जाऊ शकते. आणि ते शेतात तुरीच्या ओळीत झाडे लावणाऱ्याला नाही. तिथे दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे.

व्यसनमुक्तीसाठी सरकारचा फुकट दूरध्वनी १४४४६ आहे. मुहूर्त काढला असेल तर आधी मुलीच्या घरी खरे सांगा, मग हा नंबर फिरवा.