तुकडे जुळवणाऱ्याची बाजू

स्टीम या संगणकी खेळांच्या दुकानात एक-दोन डॉलरला मिळणारा एक माल आहे. उघड्यावाघड्या बाईचं, बहुधा जपानी ॲनिमे धाटणीचं चित्र. त्याचे तुकडे केलेले. ते माउसने ओढून जागच्या जागी बसवायचे; एक चित्र पुरं झालं की पुढचं. या खेळांबद्दल सभ्य माणसं तीन गोष्टी बोलतात : ते अश्लील आहेत, भिकार आहेत आणि मुळात खेळच नाहीत; म्हणून काढून टाका. तिन्ही आक्षेप एका दमात घेतले की एकमेकांच्या आधाराने उभे राहतात. सुटे करून पाहिले, तर प्रत्येकाचं वजन वेगळं भरतं.

तिसऱ्यापासून सुरू करतो. ‘नग्न चित्र बघायचं असतं, तुकडे ही सबब’, असं म्हणतात. पण नग्न चित्र बघायला आज सबब कशाला हवी? ते इंटरनेटवर फुकट पडलंय. जो पैसे मोजून शंभर-दीडशे तुकडे जुळवत बसतो, त्याला आणखी काहीतरी हवं असतं. 1990 साली कानेको या जपानी कंपनीचा ‘गॅल्स पॅनिक’ आला. त्यात पडद्याचा एकेक भाग जिंकत गेलं की मॉडेलचं चित्र उघडं पडे. झाकलेलं दिसणं हेच तिथलं बक्षीस. तुकड्यांच्या कोड्यात, म्हणजे जिगसॉत, झाकलेलं काही नसतंच. सगळे तुकडे पहिल्यापासून पुढ्यात असतात आणि असली चित्रं विकत घेण्याआधी दुकानातच दिसलेली असतात. उरतं ते फक्त जुळवणं.

आणि जुळवताना नजरेचं काय होतं, हे एकदा तरी कोडं घेऊन बसलेल्याला ठाऊक आहे. फिकट गुलाबी रंगाचे चाळीस तुकडे समोर असतात. यातला खांद्याचा कोणता, उशीचा कोणता, पडद्याचा कोणता? सावली कोणत्या बाजूने पडलीय? केसांची बट कुठल्या खाचेत तुटलीय? दहा मिनिटांत बाई नाहीशी होते. राहतात कडा आणि छटा. चवीने बघायला आलेला माणूस गवंड्यासारखा बघू लागतो : हा इथे बसतो का, नाही, मग तो. हे बघणं मला हलकं वाटत नाही.

दुसरा आक्षेप भिकारपणाचा. त्यात स्वस्त आणि सुमार यांची गल्लत आहे. 1760 च्या दशकात लंडनच्या जॉन स्पिल्सबरीने नकाशे महोगनीच्या फळीवर चिकटवून देशांच्या सीमांवरून कापले, मुलांना भूगोल शिकवायला. तो परवडणाऱ्यांचा शौक होता. कोडं घरोघर गेलं ते पुठ्ठ्यामुळे. महामंदीच्या काळात अमेरिकेत साच्याने कापलेली कोडी पेपरच्या स्टॉलवर पंचवीस सेंटला मिळत, दर आठवड्याला नवं. 1933 च्या सुरुवातीला आठवड्याला सुमारे एक कोटी खपत होती. काम गेलेल्या माणसाला दिवसाकाठी एक तरी गोष्ट तडीस नेल्याचं समाधान त्या स्वस्त पुठ्ठ्याने दिलं.

सुमारपणा मात्र मला कबूल आहे. 2017 पासून स्टीमवर शंभर डॉलर भरले की कुणालाही खेळ मांडता येतो, आणि पुरेशी विक्री झाली की ते शंभरही परत मिळतात. अशा दारातून भुरटे शिरणारच. एकच प्रोग्राम, चित्रं बदलून दहा नावांनी. नऊ चौकोनांची अदलाबदल, तिला नाव जिगसॉ. एआयकडून काढून घेतलेल्या बाया, एका हाताला सहा बोटं. पण ही तक्रार कामचुकारपणाची झाली, नग्नतेची नाही. फुलांच्या नि मांजरांच्या कोड्यांनाही ती तितकीच लागू पडते. शिवाय चौदा दिवसांच्या आत, दोन तासांहून कमी खेळलेला खेळ परत करून पैसे मिळतात. फसवणुकीला तो उतारा पुरे.

राहिली अश्लीलता. इथे र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ या लैंगिक शिक्षणाच्या मासिकाचा दाखला द्यायचा मोह आवरतो. कर्वे लोकांना शहाणं करायला झगडले. हे खेळ कुणाला शहाणं करत नाहीत. ते विरंगुळा आहेत, आणि विरंगुळ्याला उदात्त कारण मागण्याचा हक्क कुणाला नाही. 2018 साली स्टीमने निव्वळ प्रौढांचे खेळ घेतले, तेव्हा चाळणीही बसवली : ग्राहक स्वतः होऊन पर्याय निवडत नाही, तोवर ते त्याला दिसत नाहीत. म्हणजे ज्याला नको, त्याच्यापुढे ते येत नाहीत.

तरी जुलै 2025 मध्ये काय झालं? ऑस्ट्रेलियातल्या कलेक्टिव्ह शाउट या संघटनेने बलात्कार आणि कौटुंबिक लैंगिक अत्याचार दाखवणाऱ्या खेळांविरुद्ध पेमेंट कंपन्यांकडे धाव घेतली. त्या खेळांवरचा राग मला समजतो. पण कुऱ्हाड पडली ती भलतीकडेही. स्टीमने पेमेंट कंपन्यांचे नियम मोडणारा मजकूर चालणार नाही, असं कलम घातलं; इच.आयओ या खेळांच्या दुसऱ्या दुकानाने तर प्रौढांचे सगळेच खेळ शोधातून उडवले, फुकट वाटलेलेसुद्धा. त्यात निरुपद्रवी कोडीही गेली. ना कोर्ट, ना सुनावणी.

म्हणून माझं मागणं असं. वयाने लहान दिसणाऱ्या आकृती असतील, तर तो खेळ दुकानात नकोच. तिथे वाद संपला. बाकीच्यांवर ठसठशीत पाटी हवी : तुकडे किती, चित्रं किती, हाताने काढलेली की एआयची. चाळणी पक्की हवी. एवढं झाल्यावर चित्र कुठलं जुळवायचं, ते ज्याच्या पुढ्यात तुकडे पडलेत त्याने ठरवावं. कार्ड कंपनीने त्याचे दोन डॉलर दुकानदाराला पोचते करावेत. तिचं काम तेवढंच.