डिकींतला खर्ज

आमच्या नातवानें मोटारीच्या डिकींत सबवूफर बसवून घेतला आणि पंधरवडा लोटतो न लोटतो तोंच, खर्ज अंगावर येत नाहीं म्हणून दुसरा आणावयाचा बेत मांडला. घरांत दोन तट पडले. त्याच्या वडिलांच्या मतें पहिल्याचेच पैसे पाण्यांत गेले. दुकानदाराच्या मतें आणखी पैसे ओतल्याखेरीज गति नाहीं. शाळेंत शिकवितात तेवढ्या ध्वनिशास्त्रानेंहि या वादाचा बराच निकाल लागतो.

काळी एकच्या सुरांत लावलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार सेकंदास सुमारें ६९ कंपनें करते. हवेंत नादाचा वेग सेकंदास सुमारें ३४५ मीटर. म्हणजे या स्वराची एक लाट ५ मीटर, पुष्कळशा लहान गाड्यांहून लांब! सबवूफर तर ४० कंपनांपर्यंत उतरतो. अशी लाट डिकीच्या मागल्या पत्र्यावर आपटून परत फिरते. खोका त्या पत्र्यापासून मीटरभर दूर असला, तर परतणारी लाट २ मीटरांचा फेरा करून येते आणि ८६ कंपनांच्या आसपासचा नाद मूळच्या नादाशीं भांडून क्षीण होतो. म्हणून खोक्याचें तोंड मागें करून तो पत्र्याजवळ सरकवावा व चालकाच्या जागीं बसून ऐकावें. मात्र तोंड अगदीं चिकटवूं नये. पडदा हालावयास वाव हवा. बंद डिकीच्या गाडींत मागल्या बैठकीची पाठ पाडून पाहावी. आवाज आंत येण्यास वाटच नसेल तर तो बिचारा येणार कोठून?

अँप्लिफायरवर ० आणि १८० अंशांचें एक बटण असतें. तें बहुधा कोणी हालवीत नाहीं. पुढचे स्पीकर हवा ढकलीत असतां सबवूफर ती ओढीत असेल, तर एकाच झोपाळ्याला दोघांनीं समोरासमोरून ढकलल्यासारखें होतें. बटण फिरवून जिकडे खर्ज भरेल तिकडे ठेवावें. आमच्या येथें एवढ्यानेंच दुसऱ्या सबवूफरचा बेत मागें पडला. खर्च शून्य.

सबवूफरकडे सुमारें ८० कंपनांखालचाच नाद जाऊं द्यावा. गायकाचा कंठ डिकींतून येऊं लागला कीं रसभंग झालाच. ‘गेन’ची कळ म्हणजे आवाज वाढविण्याची कळ नव्हे. ती स्टिरिओशीं मेळ घालण्यापुरती. अति पिळल्यास नाद फाटतो आणि वेटोळें जळतें. खोक्याच्या फटी बुजवाव्या, कारण पडद्याच्या पुढची व मागची हवा एकत्र आली कीं खर्ज तेथेंच मरतो. भोंक ठेवलेला खोका आवाज मोठा देतो खरा, पण डग्ग्याची मींड ऐकावयाची असेल तर आम्ही बंद खोक्याच्याच बाजूचे. खडखडणाऱ्या नंबरपट्टीमागें नमदा लावावा.

राहिला फ्यूज. बॅटरीपासून निघणाऱ्या जाड तारेवर तो बॅटरीच्या अगदीं जवळ, हातभर अंतरांत असलाच पाहिजे. अँप्लिफायरजवळचा फ्यूज तार वांचवीत नाहीं. ती तार पत्र्याच्या भोंकांतून जातांना घासून उघडी पडली, तर बॅटरीची सारी शक्ति तिच्यांतून धांवते व गाडी पेटूं शकते. आपली गाडी दुकानांतून आली असल्यास आजच बॉनेट उघडून हें पाहून घ्यावें.