आकडा चांगला होता, आई बरी नव्हती

आमच्या घरात कुठल्याही दुखण्याचं पहिलं नाव ‘पित्त’ असतं. डोकं दुखलं, पित्त. चक्कर आली, पित्त. जेवल्यावर मळमळलं तर मग विचारायलाच नको. त्यामुळे जूनमध्ये आई मिरजेहून माझ्याकडे राहायला आली आणि दुसऱ्याच सकाळी अर्धी इडली ताटात ठेवून उठली, तेव्हा मीही तेच म्हटलं, “प्रवासाचं पित्त असेल गं. आमसूल धर तोंडात.”

मी बेंगळुरूला सर्जापूर रोडवर, कैकोंड्रहळ्ळी तळ्याजवळ राहते. आई राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने रात्रभर प्रवास करून आलेली. पिशवीत भडंग आणि शेंगदाण्याची चटणी, पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र आणि एक छोटी वही.

आईला सहा वर्षांपासून टाइप २ डायबेटिस आहे. दोन महिन्यांपूर्वी तिचं एचबीएवनसी ८.१ आलं, म्हणून तिच्या डॉक्टरांनी मेटफॉर्मिनचा डोस वाढवला होता. ग्लिमेपिराइडची छोटी गोळी आधीपासून चालू होतीच. वहीत रोजचे आकडे: १३८, १७२, १२४, १५६. एकाखाली एक, किराण्याच्या हिशेबासारखे.

मी लांब असल्यामुळे आमचं एक ठरलेलं होतं. आई साखर मोजायची आणि यंत्राचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायची. आकडा कमी आला की माझ्याकडून टाळ्यांचे इमोजी. जास्त आला की “काल काय खाल्लंस?” मला वाटायचं, मी आईकडे लक्ष देतेय. खरं तर मी पेपर तपासत होते.

तो गुरुवार

त्या संध्याकाळी ऑफिसमधून निघायला उशीर झाला. साडेआठ वाजले तरी कॅब इब्लूर जंक्शनलाच अडकलेली. तेवढ्यात आईचा फोटो आला: ६६. मी लगेच लिहिलं, “वा! मस्त!” सोबत टाळ्या.

मिनिटभराने तिचा आवाज आला, रेकॉर्ड केलेला. “मला जेवण नको वाटतंय गं. मळमळतंय. घाम आलाय नुसता. तू आलीस की जेवून घे.” आवाज जड होता, शब्द लांबत होते.

तेव्हा कुठे डोक्यात प्रकाश पडला. साखर ७० च्या खाली गेली की ती ‘चांगली’ नसते, ती धोक्याची असते. मी समोरच्या फ्लॅटमधल्या आंटींना फोन केला. त्या धावत गेल्या. आई जागी होती, गिळू शकत होती, पण हात थरथरत होते. आंटींनी तीन-चार चमचे साखर पाण्यात विरघळवून पाजली. पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजलं, ९४. मग त्यांनीच आणलेला मोसरन्न, म्हणजे आपला दहीभात, आईने हळूहळू खाल्ला.

मी घरी पोचले तेव्हा सव्वानऊ झाले होते. आई सोफ्यावर बसली होती, चेहरा उतरलेला. मी विचारलं, “गोळ्या कधी घेतल्यास?”

“आठला. नेहमीसारख्या.”

“आणि जेवली नाहीस?”

“तू येशील म्हणून थांबले होते.”

मिरजेत आठला गोळी आणि आठला ताट. सर्जापूर रोडवर आठला गोळी, आणि ताट मात्र ट्रॅफिकच्या मर्जीवर. गोळीने आपलं काम वेळेवर केलं. जेवण उशिरा पोचलं. आणि मी त्या घसरलेल्या आकड्याला टाळ्या वाजवल्या.

डॉक्टरांचा पहिला प्रश्न

दुसऱ्या दिवशी जवळच्याच एका डॉक्टरांकडे गेलो. आईला मिरजेकडची असल्याने कानडी बऱ्यापैकी कळतं. डॉक्टरांनी आत गेल्या गेल्या विचारलं, “ऊट आय्ता, अम्मा?” जेवण झालं का? इथे लिफ्टमध्ये भेटलेला माणूसही हेच विचारतो, म्हणून आईने हसून मान डोलावली. पण डॉक्टरांना खरंच उत्तर हवं होतं. जेवण झालं का, किती वाजता, काय, आणि गोळी त्याच्या आधी की नंतर?

त्यांनी वही चाळली. “यातला उपाशीपोटीचा आकडा कुठला? जेवणानंतरचा कुठला? मळमळ झाली ते दिवस कुठले?” वहीत यातलं काहीच नव्हतं.

मग आई हळूच बोलली. मळमळ प्रवासाची नव्हतीच. डोस वाढवल्यापासून सुरू होती. सकाळी चहाबरोबरच ती दोन्ही गोळ्या उरकायची, नाश्ता दोन तासांनी. मळमळ नको म्हणून कधी रात्रीचं जेवण टाळायची. दुसऱ्या दिवशी आकडा छान यायचा. “आणि दोनशेच्या वरचे आकडे मी लिहीतच नव्हते. हिला उगाच काळजी.”

मला तिथेच रडू आलं. माझ्या “काल काय खाल्लंस?” ने तिला एवढंच शिकवलं होतं की वाईट आकडा लपवायचा असतो.

डॉक्टरांनी सांगितलं की मेटफॉर्मिनने मळमळ, जुलाब, तोंडाला वेगळीच चव असं पुष्कळांना होतं. विशेषतः डोस एकदम वाढला किंवा गोळी रिकाम्या पोटी घेतली तर जास्तच. त्यांनी डोस खाली आणून हळूहळू वाढवायचं ठरवलं, सावकाश विरघळणारी गोळी दिली आणि ती जेवणाबरोबरच घ्यायला सांगितली. ग्लिमेपिराइड ताट समोर आल्यावरच. हे आईपुरतं झालं. तुमच्या गोळ्यांमध्ये बदल तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, आमचं वाचून नाही.

आकडा वाचायचा कसा?

आकडा एकटा काही सांगत नाही, तो केव्हाचा आहे हे आधी बघायचं.

उपाशीपोटी: म्हणजे किमान आठ तास काही खाल्लेलं नसताना. लॅबच्या तपासणीत १०० च्या खाली सामान्य, १०० ते १२५ म्हणजे डायबेटिसच्या उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा जास्त आकडा दुसऱ्यांदा तपासूनही आला तर डायबेटिस.

जेवणानंतर: दोन तास मोजायचे ते पहिल्या घासापासून, हात धुतल्यापासून नाही. डायबेटिस असलेल्या बऱ्याच प्रौढांसाठी उपाशीपोटी ८० ते १३० आणि जेवणानंतर १८० च्या खाली असं लक्ष्य धरतात. वयस्कर माणसांसाठी ते थोडं सैल असू शकतं. गर्भवतींसाठी बरंच कडक असतं. आपलं लक्ष्य कोणतं, हे डॉक्टरांकडून लिहून घ्या.

एचबीएवनसी: साधारण तीन महिन्यांची सरासरी. ७ म्हणजे सरासरी साखर सुमारे १५४. पण सरासरीत ६६ ही लपतो आणि २४० ही. शिवाय ॲनिमिया असेल तर हा आकडा फसवू शकतो, आणि आपल्याकडच्या बायकांमध्ये ॲनिमिया काही दुर्मीळ नाही.

यंत्राची चूक: घरच्या यंत्राला साधारण १५ टक्क्यांपर्यंत चूक माफ असते. म्हणजे यंत्र १८० दाखवत असेल तर खरी साखर १५५ किंवा २०५ ही असू शकते. त्यामुळे काल १५२ आणि आज १६१ म्हणून तोंड पाडून बसू नका. आंबा कापून हात न धुता मोजलंत तर यंत्र बोटावरचा आंबाही मोजतं. साबणाने हात धुवा, कोरडे करा, पट्ट्यांची तारीख बघा.

मळमळ कशाने होते?

आईच्या बाबतीत गोळी आणि वेळ यांचा घोळ होता. पण प्रत्येकाचं कारण तेच असेल असं नाही.

साखर खूप खाली गेली तरी मळमळतं, सोबत घाम, थरथर, धडधड. साखर खूप वर गेली तरी मळमळतं, सोबत तहान आणि सारखी लघवी. दोन्हीकडे माणूस “जेवण नको” एवढंच म्हणतो. म्हणूनच मळमळलं की अंदाज न करता आधी मोजायचं.

वर्षानुवर्षं साखर जास्त राहिली तर पोटाच्या नसांवर परिणाम होतो आणि अन्न जठरातून पुढे सरकायला वेळ लागतो. चार घासांत पोट भरतं, तासन्‌तास जड वाटतं. अन्न उशिरा पचतं म्हणून जेवल्यावर लगेच साखर खाली आणि नंतर अचानक वर, असा गोंधळ वहीत दिसतो. वजन कमी करण्यासाठी आणि डायबेटिससाठी सध्या घेतली जाणारी सेमाग्लुटाइडसारखी इंजेक्शनंही पोट सावकाश रिकामं करतात, त्यांनीही मळमळ होते. तळकट खाल्ल्यावर उजव्या बरगडीखाली दुखून मळमळत असेल तर पित्ताशयातले खडेही असू शकतात. म्हणजे ‘पित्त’ हा आमच्या घरचा अंदाज अगदीच टाकाऊ नाही, फक्त पहिला आणि शेवटचा नसावा.

तेव्हा थांबू नका

• साखर ७० च्या खाली: शुद्धीवर असेल तर तीन-चार चमचे साखर किंवा ग्लुकोज पाण्यातून, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजा, मग काहीतरी खायला द्या. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काहीही घालू नका, थेट १०८ ला फोन करा.

• सारख्या उलट्या, पोटात दुखणं, जोरजोरात श्वास, गुंगी: लगेच हॉस्पिटल. ज्यांच्या गोळीच्या नावाच्या शेवटी ‘ग्लिफ्लोझिन’ आहे, उदाहरणार्थ डापाग्लिफ्लोझिन, त्यांच्यात आकडा फार वर नसतानाही हा धोका असतो.

• मळमळीबरोबर घाम, दम, जबडा किंवा हात दुखणं: डायबेटिस असलेल्यांना हार्ट अटॅक छातीत न दुखताही येऊ शकतो. ‘गॅस’ म्हणून सोडा पिऊन झोपू नका.

“मी तर बारीक आहे”

घरी परत येताना रिक्षात आई म्हणाली, “मी गोड खात नाही, जाडही नाही. मग मलाच का?” या प्रश्नात रागापेक्षा लाज जास्त होती. जणू प्रत्येक मोठा आकडा म्हणजे तिचाच काहीतरी गुन्हा.

रात्री मी तिला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्याबद्दल सांगितलं. १९९३ पासून त्यांच्या गटाने पुण्याजवळच्या खेड्यांतल्या आया आणि बाळांचा अभ्यास केला. ही बाळं जन्मतः लहानखुरी, वजनाने कमी, पण अंगात चरबीचं प्रमाण त्या मानाने जास्त. दिसायला बारीक, आतून तसं नाही. २००४ मध्ये त्यांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचाच नमुना मांडला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२ टक्के!

आई बराच वेळ तो फोटो झूम करून बघत होती. “म्हणजे हे माझ्या जन्माच्याही आधीपासूनचं असू शकतं?” मी म्हटलं, “काही अंशी, हो.” २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना डायबेटिस आहे. एवढ्या सगळ्यांनी मिळून काही गुन्हा केलेला नाही.

नवी वही

दुसऱ्या दिवशी कोपऱ्यावरच्या दुकानातून नवी वही आणली. पाच रकाने आखले: वेळ, काय खाल्लं, गोळी, आकडा, आणि कसं वाटतंय. पाचवा रकाना आईला आधी उगाच वाटला. “त्यात काय लिहायचं?” मी म्हटलं, “मला फोनवर सांगत नाहीस ते.”

पहिल्या आठवड्यात त्या रकान्यात रोज ‘मळमळ’ होतं. दुसऱ्यात दोनदा. तिसऱ्यात एकदा, तेही मी बाहेरून मागवलेल्या छोले-भटूऱ्यांनंतर, म्हणजे तो दोष माझा.

एक नियम मीही लावून घेतला. मी कितीही वाजता येणार असले तरी आई आठला जेवणार. पहिल्या दिवशी तिला घास उतरेना. “एकटीने काय जेवायचं?” मग समोरच्या आंटी आपलं ताट घेऊन यायला लागल्या. आता दोघींचं इतकं जमलंय की मी लवकर आले तर त्यांच्या गप्पा मोडतात.

आई मिरजेला परतून तीन महिने झाले. एचबीएवनसी ७.४ आहे. अजून सात नाही, पण वहीत ६६ ही नाही. परवा दसऱ्याला तिचा मेसेज आला: “१९६. जेवून दोन तास. दोन वाट्या श्रीखंड. गोळी जेवतानाच. मळमळ नाही. मजा आली.”

पूर्वी मी “दोन वाट्या??” असं लिहिलं असतं. या वेळी मी फोन केला, आणि दोन्ही वाट्यांची गोष्ट ऐकली.

तुमच्या घरी अशी वही असेल तर आज एकदा उघडून बघा. आकडे दिसतील. त्यांच्या शेजारी एक रकाना वाढवा. आणि आई-बाबांना फोन कराल तेव्हा “साखर किती?” च्या आधी बेंगळुरूचा प्रश्न विचारा.

ऊट आय्ता?