पहिला नंबर कशाचा?

वाचकहो, हल्ली घरोघरी मुलांच्या तोंडी एक वाक्य ऐकू येते. "हा गेम एक नंबरला आहे, म्हणजे चांगलाच असणार!" मोबाईलच्या यादीत जो वर तो श्रेष्ठ, असा त्यांचा समज झाला आहे. पण मुलांनाच का दोष द्यावा? गर्दी पाहून दुकान निवडणारे आपणही कमी नाही. तेव्हा आज या नंबराचा हिशेब तपासून पाहू. हिशेब तपासणे हे तर आमचे रोजचेच काम.

'अमंग अस' हा खेळ बऱ्याच मुलांना ठाऊक आहे. अवकाशयानातल्या मंडळींत लपलेला घातकी कोण, हे सर्वांनी मिळून ओळखायचे. अमेरिकेतील एका लहानशा कंपनीने तो २०१८ मध्ये बाजारात आणला. जवळजवळ दोन वर्षे त्याला फारसे कुणी विचारले नाही. २०२० मध्ये टाळेबंदीत माणसे घरी बसली, इंटरनेटवर खेळून दाखवणाऱ्या नामवंतांनी तो हाती घेतला आणि काही महिन्यांत तो कोट्यवधी लोकांपर्यंत पोचला. खेळ मुळात तोच होता. त्याची गुणवत्ता दोन वर्षे यादीला दिसली नव्हती, इतकेच.

असे का घडते, याचा शोध मॅथ्यू सॅल्गानिक, पीटर डॉड्स आणि डंकन वॉट्स या संशोधकांनी घेतला. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात १४ हजारांहून अधिक लोकांपुढे अपरिचित कलावंतांची ४८ गाणी ठेवली होती. लोकांचे निरनिराळे गट केले. इतरांनी कोणते गाणे किती वेळा घेतले, हे काही गटांना दाखवले. तेव्हा एकच गाणे एका गटात पहिले आले आणि दुसऱ्या गटात चाळिसावे! फार चांगली गाणी सहसा तळाला गेली नाहीत, फार वाईट सहसा वर आली नाहीत. मधल्यांचे नशीब मात्र सुरुवातीला कुणी काय उचलले यावर ठरले. एकाने उचलले म्हणून दुसऱ्याने उचलले, असा तो प्रकार.

मग सगळ्याच क्रमवाऱ्या खोट्या काय? तसे नाही. बुद्धिबळाचे रेटिंग पाहा. अर्पाद एलो या प्राध्यापकांनी बसवलेली ही पद्धत जागतिक बुद्धिबळ संघटनेने १९७० मध्ये स्वीकारली. खेळाडू किती जणांना आवडतो, हे तिथे कुणी मोजत नाही. तो कुणाशी खेळून जिंकला वा हरला, हे मोजतात. बलवानाला हरवले तर गुण जास्त, दुबळ्याला हरवले तर कमी. नंबर दोन्हीकडे आहेत, पण एकीकडे गर्दी मोजली जाते आणि दुसरीकडे खेळ.

हा फरक न कळल्याची किंमत कष्टकरी कुटुंबांना मोजावी लागते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांना आपल्या देशात कोट्यवधी खेळणारे होते आणि नामवंत चेहरे त्यांची जाहिरात करीत. शेवटी व्यसन आणि आर्थिक नुकसान ही कारणे देऊन संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा केला व त्यांवर बंदी आणली. लोकप्रियता हे चांगुलपणाचे प्रमाणपत्र असते, तर ही वेळ आली नसती.

म्हणून माता-पित्यांना आमची विनंती आहे. मुलांच्या हातचा मोबाईल हिसकावून घेऊ नका. शेजारी बसा आणि विचारा, हा नंबर काय मोजून दिला? खेळताना डोके चालते की नुसते बोट? मध्येच पैसे मागतो का? असे विचारण्याची सवय एकदा लागली, म्हणजे उद्या क्लासची जाहिरात वाचताना किंवा मत देतानाही ती उपयोगी पडेल.