सिग्नलवाल्यांच्या गावात मुके सिग्नल

जबलपूर म्हणजे लष्कराच्या सिग्नल कोअरचं माहेरघर. संदेश अखंड कसा पोहोचवायचा, हे जवान इथे शिकतात. आमच्या गेटबाहेरच्या चौकातला दिवा मात्र महिनोन्‌महिने मुका! १९६९ पासून इथल्या कारखान्यात फौजेचे ट्रक बनतात, आणि ते चालवायचे खड्ड्यांतून. भेडाघाटला धुवांधार पाहायला निघालेला पाहुणा आधी धूळ खातो. २०१६ मध्ये स्मार्ट सिटीच्या पहिल्या २० शहरांत आपलं नाव झळकलं होतं म्हणे. मोटार वाहन कायद्याचं कलम १९८-अ सांगतं: सदोष रस्त्यामुळे माणूस मेला वा अपंग झाला, तर दोषी यंत्रणेला वा ठेकेदाराला १ लाखापर्यंत दंड. पावती फाटते ती हेल्मेट विसरलेल्याची. आमच्याकडे सेट बंद पडला तर त्याच दिवशी जाब द्यावा लागतो. या दिव्याचा जाब कोण देणार?