हद्द कोणाची?

दादरा-नगर हवेलीच्या चिमुकल्या प्रदेशास एका अंगाने गुजरातचा वलसाड जिल्हा व दुसऱ्या अंगाने महाराष्ट्राचा पालघर जिल्हा लागून आहे. सुरंगीसारख्या गावचे जगणे या रेषा मानीत नाही. सोयरीक एकीकडे, मजुरी दुसरीकडे, बाजार तिसरीकडे. पोलीस ठाणे मात्र रेषा मानते. कामावर वा वाटेवर मुलीवर अत्याचार झाला आणि बाप तिला घेऊन ठाण्याच्या पायरीशी आला, तर ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ एवढे एक वाक्य त्याला परत फिरविण्यास पुरेसे असते.

या वाक्याला कायद्यात आता जागा उरलेली नाही. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कोठेही घडलेला असो, समोरच्या ठाण्याने फिर्याद नोंदविलीच पाहिजे. अशा गुन्ह्याची खबर नोंदवून न घेणारा पोलीस अधिकारी स्वतःच गुन्हेगार ठरतो. त्याला किमान सहा महिने सक्तमजुरी आहे. जबाब स्त्री अधिकाऱ्याने घ्यावयाचा, तोही पीडितेच्या घरी किंवा ती सांगेल तेथे. सरकारी असो की खाजगी, प्रत्येक रुग्णालयाने विनामूल्य उपचार करावयाचे. विधी सेवा कायद्यान्वये स्त्रियांना, बालकांना व आदिवासींना उत्पन्नाची अट न लावता वकील फुकट मिळतो. नुकसानभरपाईचीही तरतूद आहे.

हे सारे कोणी मेहेरबानीने दिलेले नाही. २६ मार्च १९७२ च्या रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील (आज गडचिरोली) देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मजूर मुलीवर अत्याचार झाला. नातलग बाहेर थांबले होते. तो खटला तिच्याच नावाने ओळखला जातो. आम्ही मात्र ते नाव येथे छापीत नाही. सत्र न्यायालयाने दोघा पोलिसांना सोडले, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मुक्त केले. अंगावर जखमा नाहीत, म्हणून प्रतिकार नाही, असा तो युक्तिवाद! उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार व रघुनाथ केळकर या चौघा प्राध्यापकांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र धाडले, स्त्रिया रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसांच्या ताब्यातील स्त्रीशी संबंध सिद्ध झाला व तिने संमती नाकारली, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरावे, हा दंडक तेव्हाचा.

ज्या उच्च न्यायालयाच्या कक्षेत देसाईगंज येते, त्याच्याच कक्षेत सुरंगीही येते आणि आपला गोवाही. गोव्याने तर केंद्राच्या पॉक्सो कायद्याच्या नऊ वर्षे आधी, २००३ मध्ये, बालकांसाठी स्वतंत्र कायदा व न्यायालय आणले. तरीही आपल्या सुशिक्षित घरांत प्रकरण ‘घरातल्या घरात मिटविण्याची’ खोड गेलेली नाही. त्यांनी एवढे ध्यानी घ्यावे की, बालकावरील अत्याचार ठाऊक असून न कळविणे हा पॉक्सोच्या कलम २१ खाली गुन्हा आहे. तो काका-मामांना, मुख्याध्यापकांना, डॉक्टरांनाही लागू आहे.

सुरंगीत अडचण निराळी आहे. घरात वारली बोलणाऱ्या मुलीचा जबाब गुजरातीत, मराठीत की इंग्रजीत उतरवून घेतला जातो, आणि त्यात तिचे म्हणणे किती उरते? उलटतपासणीत एकेका शब्दावर खटला फिरतो. पॉक्सो कायद्यात दुभाष्याची सोय आहे, सोबतीस आधारव्यक्ती नेमण्याचीही आहे; परंतु घटना घडल्यावर माणूस शोधीत बसावयाचे म्हटले तर वैद्यकीय तपासणीचे पहिले मोलाचे तास निघून जातात. सिल्वासाच्या विधी सेवा प्राधिकरणाने वारली, कोकणा व धोडिया जाणणाऱ्या स्त्रियांची यादी आधीच तयार करून ती प्रत्येक ठाण्यात व विनोबा भावे रुग्णालयात लावावी, त्यांना मानधन द्यावे आणि रात्री जाण्या-येण्यास वाहन द्यावे. सुरंगीच्या पंचायत कचेरीवर ११२, १८१ व १०९८ हे तीन क्रमांक ठळक अक्षरांत रंगवून घेण्यास तर कोणाच्या मंजुरीची वाट पाहण्याचेही कारण नाही.