नावानिशी ओळखणारी आशा

सैनिकाच्या मृत्यूवर राष्ट्र आणि धर्म हे दोघेही आपला हक्क सांगतात. राष्ट्र त्या मृत्यूला बलिदान म्हणते, स्मारक उभारते, वर्षातून एकदा फुले वाहते. धर्माचे काम याहून अवघड असते. समारंभ आटोपून लोक आपापल्या घरी परतल्यावर त्याला सैनिकाच्या आईशी, पत्नीशी, मुलांशी बोलायचे असते. ख्रिस्ती धर्माला हे काम कितपत साधले आणि तो कोठे चुकला, हे पाहावयाचे तर १९१४ ते १९१८ च्या महायुद्धाकडे वळावे लागते. ख्रिस्ती म्हणविणारी राष्ट्रेच त्या वेळी परस्परांची तरुण पिढी कापून काढीत होती, आणि एकट्या ब्रिटिश साम्राज्याचेच दहा लाखांहून अधिक सैनिक त्यात कामी आले.

यांपैकी फारच थोड्यांचे देह मायदेशी पोहोचले. १९१७ मध्ये स्थापन झालेल्या इंपीरियल वॉर ग्रेव्ह्ज कमिशनने ठरविले की, जो जेथे पडला तेथेच त्याची कबर असेल, आणि अधिकारी असो वा साधा शिपाई, सर्वांच्या कबरीवर एकाच मापाची शिळा बसेल. त्या शिळेच्या तळाशी कुटुंबाला स्वतःचे शब्द कोरून घेण्याची मुभा होती. मात्र दोन शब्दांमधील मोकळी जागा धरून सहासष्ट अक्षरे, एवढीच मर्यादा! प्रारंभी त्यासाठी अक्षरामागे साडेतीन पेन्स आकारले जात. पुढे ही रक्कम ऐच्छिक झाली. शोकाला असा दर लावणे हे कोणाही संवेदनशील माणसाला खटकेल. तरीही कित्येक घरांनी ही अक्षरे मोजून मापून लिहून पाठविली. कोणी बायबलमधील वचन निवडले, कोणी उपासनेतील गीताची ओळ, तर कोणी पुन्हा भेटीची आस व्यक्त केली.

क्रुसाचा आग्रह

काहींना एवढे पुरेसे वाटले नाही. एक्झिटरच्या बिशपांच्या पत्नी लेडी फ्लॉरेन्स सेसिल यांचे तीन पुत्र युद्धात मारले गेले होते. शिळेऐवजी कबरीवर क्रूस उभारू द्यावा, अशी मागणी करणारा अर्ज त्यांनी १९१९ मध्ये प्रिन्स ऑफ वेल्स यांच्याकडे पाठविला. त्यावर आठ हजारांहून अधिक सह्या होत्या. कमिशनने ती मागणी मान्य केली नाही. शिळेवर क्रुसाचे चिन्ह कोरता येईल, परंतु सर्व धर्मांच्या सैनिकांसाठी शिळेचा आकार एकच राहील, ही त्यांची भूमिका होती. ४ मे १९२० रोजी कॉमन्स सभागृहात यावर वादविवाद झाला आणि कमिशनची भूमिका कायम राहिली.

समतेच्या दृष्टीने निर्णय योग्यच होता. परंतु त्या मातांचा आग्रह हा केवळ रूढीचा हट्ट नव्हता. ख्रिस्ती श्रद्धेनुसार क्रुसावर एक निरपराध तरुण यातना भोगून मेला, आणि योहानाच्या शुभवर्तमानानुसार त्याची आई जवळच उभी होती. पुत्राचा मृत्यू डोळ्यांनी पाहणाऱ्या त्या आईत युद्धात मुलगा गमावलेल्या स्त्रीला आपली सोबतीण दिसली, यात नवल ते काय?

ख्रिस्ती सांत्वनाचा गाभा येथेच आहे. पुनरुत्थानाची आशा शोकाला मनाई करीत नाही. लाजरसाला आपण उठविणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरीपाशी रडला. पौलाने थेस्सलनीकाच्या मंडळीला लिहिताना शोक करू नका असे सांगितले नाही. आशा नसलेल्यांसारखा तो करू नका, एवढेच सुचविले. लष्करी पाद्री जेफ्री स्टडर्ट केनेडी यांनी खंदकांतील अनुभवानंतर १९१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात याच सूत्राचा विस्तार केला. सिंहासनावरून युद्धाची सूत्रे हलविणारा देव त्यांना मान्य नव्हता. माणसाबरोबर यातना भोगणारा देवच त्यांना खरा वाटला. ‘देवाची इच्छा’ असे म्हणून हात झटकण्यापेक्षा हे उत्तर अधिक प्रामाणिक आहे.

आशेचा गैरवापर

दुर्दैवाने सर्वच धर्मगुरूंनी हे भान राखले नाही. लंडनचे बिशप विनिंग्टन-इंग्रॅम यांनी व्यासपीठावरून त्या युद्धाला धर्मयुद्धाचे रूप दिले. तिकडे जर्मन सैनिकाच्या पट्ट्याच्या बक्कलावर देव आपल्या बाजूस असल्याची ग्वाही कोरलेली होती. स्वर्गाची आशा जर विजयावर अवलंबून असेल, तर पराभूत देशातील आईने कोणाकडे पाहावे? मृत सैनिकाला हुतात्मा ठरवून त्याच्या घरच्यांकडून अभिमानाची अपेक्षा करणे म्हणजे त्यांच्या अश्रूंवर राष्ट्राचा कर बसविणे होय.

या आशेची खरी कसोटी नावाची आहे. रुडयार्ड किपलिंग यांचा मुलगा १९१५ मध्ये लूसच्या लढाईत नाहीसा झाला; पित्याच्या हयातीत त्याची कबर सापडली नाही. अनोळखी सैनिकांच्या शिळांवर, यांना देव ओळखतो, अशा अर्थाचे शब्द याच किपलिंग यांनी सुचविले. परंतु ज्या कमिशनने ते शब्द स्वीकारले, त्यानेच मेसोपोटेमियात काय केले? बसऱ्याच्या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांचे मात्र पलटणीगणिक केवळ आकडे. पुण्याच्या सहाव्या डिव्हिजनमधून कुत-अल-अमाराच्या वेढ्यात लढलेल्या मराठा पलटणी याच आघाडीवर होत्या. २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच्याच चौकशी अहवालानंतर या विषमतेबद्दल क्षमा मागितली. किमान १ लाख १६ हजार, कदाचित साडेतीन लाखांपर्यंत मृतांची नावानिशी नोंद झाली नाही किंवा मुळीच नोंद झाली नाही, असे तो अहवाल सांगतो. ते बहुतेक ख्रिस्ती नव्हते हे खरे; पण ज्या देवाला प्रत्येक जण नावाने ठाऊक आहे असे मानले, त्याच्या भक्तांनी नाव देताना वंश पाहावा, ही त्या श्रद्धेशीच प्रतारणा होती.

खडकीच्या युद्ध दफनभूमीत दुसऱ्या महायुद्धातील सोळाशेहून अधिक सैनिकांच्या कबरी आहेत. पश्चिम आणि मध्य भारतात विखुरलेल्या कबरी तेथे एकत्र आणल्या गेल्या. १९७१ च्या युद्धात गंगासागर येथे प्राण देणारे, परमवीरचक्राचे मानकरी लान्सनायक अल्बर्ट एक्का हेही ख्रिस्ती कुटुंबातीलच. अशा घरांना आशेचे शब्द देणाऱ्यांनी काही पथ्ये पाळली पाहिजेत. विधवेला धीर धरण्याची घाई करू नये. तिच्या रागालाही प्रार्थनेत जागा असावी; स्तोत्रसंहितेत ती आहेच. स्वर्गातील भेटीचे आश्वासन देताना तिचे निवृत्तिवेतन आणि मुलांचे शिक्षण यांची विचारपूस वगळू नये, कारण विधवा व अनाथांचा सांभाळ हाही त्याच धर्मग्रंथाचा आदेश आहे. मृताचे नाव घेत, त्याच्या माणसांपाशी बसून राहणाऱ्याच्याच तोंडी पुनरुत्थानाची गोष्ट शोभते.